वहिनींचा छोटा मोबाइल : गुण किती, दोष किती?



बैल घ्यायचा झाला तर आपण काय करतो? दात पाहतो, खूर पाहतो, खांदा पाहतो, चार पावले चालवून पाहतो. तरीही मन भरले नाही तर गावातल्या जाणत्या माणसाला बरोबर नेतो. साधा फवारणीचा पंप घेतानाही पाणी भरून गळतो का ते बघतो. पण मोबाइल घ्यायची वेळ आली, की आपले हे सगळे शहाणपण दुकानाच्या पायरीवरच राहते. "भाऊ, चांगला आहे ना?" एवढे आपण विचारतो, दुकानदार "एकदम भारी" म्हणतो, आणि आपण पैसे मोजून मोकळे होतो.

ज्या घरात पहिलाच स्मार्टफोन यायचा आहे, त्या घरासाठी आजचा हा लेख आहे. तसेच घरात एक फोन आहे, पण तो कर्त्या पुरुषाच्या खिशात दिवसभर कामावर जातो आणि शेत सांभाळणाऱ्या माउलीच्या हातात काहीच नसते, अशाही घरासाठी तो आहे. अशा वेळी लहान आकाराचा, कमी किमतीचा फोन नजरेसमोर येतो. तो घ्यावा की न घ्यावा? एका शब्दात उत्तर देण्यापेक्षा आमच्याच घरातली हकीकत सांगतो. गुणही कळतील, दोषही कळतील, आणि त्या दोषाची किंमत आम्ही काय मोजली तेही कळेल.

शेत घरी, फोन कामावर

आमचे गाव पनवेल तालुक्यात, डोंगराच्या अंगाला. भाताची खाचरे, वर वरकस जमिनीत थोडी नाचणी, आणि भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर वाल. थोरला भाऊ तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. आज पहिली पाळी तर पुढच्या आठवड्यात रात्रपाळी. त्यामुळे खरी शेती पाहतात त्या वहिनी. पेरा कधी करायचा, लावणीला माणसे कुठून आणायची, कुठल्या खाचराचा बांध फुटला, हे सगळे त्यांच्या डोक्यात.

पूर्वी पिकाची नोंद करायला तलाठी येत असत. १५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्या राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली, आणि सातबाऱ्यावर पिकाची नोंद करण्याचे काम शेतकऱ्याच्या स्वतःच्या हाती आले. शेतात उभे राहायचे, मोबाइलवर ॲप उघडायचे, गट नंबर आणि पीक निवडायचे, क्षेत्र भरायचे आणि पिकाचा फोटो काढायचा. फोटोबरोबर आपण कुठे उभे आहोत याचीही नोंद होते. म्हणजे घरी बसून हे काम होत नाही.

आता बघा, शेत गावात आणि फोन तळोज्यात! भावाच्या सुट्टीच्या दिवशी पाऊस नको, त्याची झोप झालेली हवी आणि मुदतही शिल्लक हवी. तिन्ही गोष्टी जुळून येता येता दोन हंगाम धावपळीतच गेले. शेवटी वहिनी म्हणाल्या, "भावोजी, वालाचे पैसे आलेत. या खेपेला मला माझा फोन घेऊन द्या. पण कामापुरता. मिरवायला नको."

पनवेलच्या दुकानात

गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघे एस. टी. ने पनवेलला उतरलो. कापडाची खरेदी आटोपून एका मोबाइलच्या दुकानात शिरलो. दुकानातल्या मुलाने पुढे मांडलेले सगळे फोन साडेसहा इंचांच्या वरचे. मागे तीन-तीन कॅमेऱ्यांचे डोळे आणि चकाकणारी पाठ.

वहिनींनी एक हातात घेतला, उलटसुलट केला आणि विचारले, "हा कमरेच्या पिशवीत मावेल का? वाकून लावणी करताना चिखलात पडणार नाही ना?"

मुलगा हसला. म्हणाला, "काकू, आता सगळे मोठेच येतात. लोकांना सिनेमे बघायचे असतात."

"मला सिनेमा बघायचा नाही, शेत बघायचंय."

मग त्याने खालच्या कप्प्यातून एक डबी काढली. साडेपाच इंचांच्या आतला फोन, अंगाने बारीक, वजनाला हलका. जुन्या साठ्यातला होता आणि किंमतही वरच्या फोनांच्या मानाने बरीच कमी. वहिनींनी तो मुठीत धरला. अंगठा या कडेपासून त्या कडेपर्यंत सहज पोहोचला. "हाच द्या," त्या म्हणाल्या.

मीही मान हलवली. तिथेच आमचे थोडे चुकले. आम्ही अंग पाहिले, दात पाहिले नाहीत. कंपनीचे नाव इथे देत नाही, कारण हे गुणदोष एका कंपनीचे नसून या जातीच्या फोनांचे आहेत.

ही जात आली कुठून?

आपल्या देशात नवशिक्यांसाठी स्वस्त फोन काढण्याचे दोन मोठे प्रयत्न अलीकडच्या काळात झाले. पहिला रिलायन्सचा जिओफोन. तो २१ जुलै २०१७ रोजी जाहीर झाला. बटनांचा, २.४ इंचांच्या स्क्रीनचा हा फोन १,५०० रुपये अनामत भरून मिळत असे. व्हॉट्सॲप त्यात सप्टेंबर २०१८ मध्ये आले. बटने ओळखीची असल्यामुळे म्हाताऱ्या माणसांनाही तो चालवता येई. पण पुढे व्हॉट्सॲपने त्या प्रकारच्या फोनांवरची आपली सेवा बंद करायचे ठरवले. जून २०२४ मध्ये ते नव्याने उतरवून घेणे बंद झाले आणि २०२५ च्या सुरुवातीला जुन्यांचेही थांबले. फोन धडधाकट, बॅटरी चालू, पण ज्यासाठी घेतला ते कामच बंद! हा धडा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

दुसरा प्रयत्न गूगल आणि जिओ यांनी मिळून केला. त्याचे नाव जिओफोन नेक्स्ट. तो २०२१ च्या गणेशचतुर्थीला यायचा होता, पण लांबला आणि दिवाळीत, ४ नोव्हेंबर २०२१ रोजी बाजारात आला. किंमत ६,४९९ रुपये. स्क्रीन ५.४५ इंच, म्हणजे रुंदीला जेमतेम सव्वासहा सेंटिमीटर. रॅम २ जीबी, साठवणीची जागा ३२ जीबी, बॅटरी ३,५०० एमएएचची. स्क्रीनवरचा मजकूर आपल्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवण्याची आणि भाषांतर करण्याची सोय हा त्याचा विशेष. ज्याला वाचायला त्रास होतो त्याच्यासाठी ही मोठीच गोष्ट.

हा फोन हप्त्यानेही मिळत असे. त्या हिशेबात आपल्यासारख्यांना शिकण्यासारखे आहे. सुरुवातीला १,९९९ रुपये आणि वर ५०१ रुपये खर्चाचे, असे अडीच हजार भरायचे. नंतर एका योजनेत महिना ३०० रुपये, चोवीस महिने. म्हणजे ७,२०० अधिक २,५००, एकूण ९,७०० रुपये. त्यात महिन्याला ५ जीबी डेटा आणि १०० मिनिटे बोलणे धरलेले होते. शंभर मिनिटे म्हणजे दिवसाला सव्वातीन मिनिटे. पुण्याच्या लेकीशी बोलायला बसले तर ती पहिल्या दिवशीच संपायची! सांगायचा मुद्दा एवढाच की हप्ता लहान दिसला तरी शेवटची बेरीज स्वतः कागदावर मांडावी. बियाण्याच्या उधारीचा हिशेब आपण मांडतो, तसाच हाही.

गुण : आकार लहान, कामाला हलका

आता वहिनींच्या फोनाचे गुण सांगतो. उगाच दोषच उगाळत बसणे बरे नव्हे.

पहिला गुण हाताचा. एका हातात विळा किंवा मुठा असताना दुसऱ्या हाताने फोन चालवता येतो. मोठ्या फोनाला दोन्ही हात लागतात. बांधावर, निसरड्या वाटेवर ही गोष्ट लहान नाही. कमरेच्या पिशवीत तो राहतो, वाकताना टोचत नाही. जो फोन जवळ राहतो त्याचाच उपयोग होतो. जो जपून कपाटात ठेवावा लागतो तो असून नसून सारखा.

दुसरा गुण बॅटरीचा. स्क्रीन लहान, तेवढा प्रकाश कमी, तेवढी वीज कमी. बेताने वापरल्यास सकाळी भरलेला फोन वहिनींना दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुरतो. पावसाळ्यात आमच्याकडे वीज गेली की कधी येईल ते सांगता येत नाही. तेव्हा हा गुण कळतो.

तिसरा गुण शिकण्याचा. या जातीच्या बहुतेक फोनांत अँड्रॉइडची 'गो' नावाची हलकी आवृत्ती असते. तिच्यात पसारा कमी, म्हणून नवशिका गोंधळत नाही. वहिनींनी पहिल्या महिन्यात पाचच गोष्टी शिकल्या : फोन करणे, व्हॉट्सॲपवर आवाज भरून पाठवणे, फोटो काढणे, हवामान बघणे आणि पीक पाहणी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' ॲप जवळपास वीज पडण्याचा धोका असला तर इशारा देते. परतीच्या पावसात भात कापताना कोकणात विजेचे भय किती असते ते सांगायला नको. 'मेघदूत' ॲपवर जिल्ह्याचा हवामानाचा अंदाज आणि मंगळवारी-शुक्रवारी पिकाचा सल्ला येतो. ही कामे लहान फोन बिनतक्रार करतो.

चौथा गुण भीतीचा, म्हणजे भीती नसण्याचा. वीस हजारांचा फोन हातात असला की माणूस त्याला बोट लावायला घाबरतो. स्वस्त फोनाला वहिनी घाबरल्या नाहीत. चुकत गेल्या आणि शिकत गेल्या. त्यांनी तो सासूबाईंच्याही हातात दिला. पंच्याहत्तर वर्षांच्या आमच्या आईने माहेरच्या भाचीला तोंड पाहून फोन केला, तो याच फोनवरून.

दोष : जे आम्हाला उशिरा कळले

आता दुसरी बाजू. ही जरा सावकाश वाचा.

पहिला दोष जागेचा. फोनाच्या डबीवर ३२ जीबी लिहिलेले असते, पण त्यातली बरीच जागा फोनाच्या स्वतःच्या कारभारालाच लागते. कणगी शंभर किलोंची, पण तळाशी आधीच दगड भरलेले, तसा प्रकार. उरलेल्या जागेत ॲप्स, फोटो, आणि नातेवाइकांचे सुप्रभात! रोज सकाळी फुलांची, देवांची, सूर्योदयाची चित्रे येत राहतात आणि गुपचूप साठत राहतात. ऑगस्ट संपता संपता वहिनी खाचरात पीक पाहणीचा फोटो काढायला उभ्या राहिल्या, तर फोन म्हणाला, जागा शिल्लक नाही. पाऊस भुरभुरत होता. बांधावर उभे राहून त्यांनी एकेक सूर्योदय पुसून टाकला, तेव्हा भाताला जागा मिळाली.

वेगळे मेमरी कार्ड घालून फोटोंची सोय होते, पण बहुतेक ॲप्स फोनाच्या मूळ जागेतच राहतात. म्हणून कार्ड हा पूर्ण इलाज नव्हे.

दुसरा दोष रॅमचा. रॅम म्हणजे फोनाचा कामाचा ओटा. ओटा लहान असला की नवे भांडे ठेवताना जुने खाली उतरवावे लागते. २ जीबी रॅमचा फोन तेच करतो. एक ॲप चालू असताना फोन आला, दुसरे ॲप उघडले, की पहिले आपोआप बंद पडते. याच दोषाने आम्हाला फटका दिला.

आमच्या तीन तुकड्यांपैकी दोघांची नोंद नीट झाली. तिसरा तुकडा डोंगराच्या आडोशाला, तिथे रेंज नाही. माहिती भरून, फोटो काढून वहिनी घरी आल्या. रेंजमध्ये आल्यावर ती माहिती पुढे पाठवायची होती. त्यांनी ती पाठवायला लावली आणि तेवढ्यात भावाचा फोन आला. बोलणे दहा मिनिटे चालले. मधल्या वेळात ॲप बंद पडले. वहिनींना वाटले, फोटो काढला म्हणजे नोंद झाली. मीही परत तपासले नाही.

दिवाळीनंतर भात खरेदी केंद्रावर सातबारा दाखवला, तेव्हा त्या तुकड्यापुढे पीकच दिसेना. सातबाऱ्यावर जेवढे भाताचे क्षेत्र, तेवढ्याच हिशेबाने केंद्रावर भात घेतात. त्या तुकड्याचे भात हमीभावाने गेले नाही. ते व्यापाऱ्याला, तो म्हणेल त्या दराने द्यावे लागले. वहिनी काही बोलल्या नाहीत. घरी येऊन त्यांनी फोन देवळीत ठेवला आणि दोन दिवस हात लावला नाही.

बंधू-भगिनींनो, इथे एक वाक्य मनात कोरून ठेवा : फोनात राहिले म्हणजे सरकारदरबारी पोहोचले असे नव्हे. माहिती पुढे जाईपर्यंत दुसरे काही उघडू नका. त्यानंतर ॲपमध्येच झालेल्या पाहणीची यादी दिसते, तीत आपले नाव आणि गट तपासा. नाव दिसले तरच काम झाले. अडले तर गावासाठी नेमलेल्या पीक पाहणी सहायकाला किंवा तलाठ्यांना मुदतीच्या आतच गाठा. मुदत संपल्यावर गाठून उपयोग नाही.

तिसरा दोष जागा ओळखण्याचा. आपण कुठे उभे आहोत हे फोन उपग्रहांवरून ओळखतो. त्याला मोबाइलची रेंज लागत नाही, पण उघडे आभाळ लागते. तरीही साध्या फोनाचा अंदाज काही मीटरांनी चुकतो. घाटावर चार-पाच एकरांच्या पट्ट्यात तेवढे चालून जाते. आपल्या कोकणात काय होते बघा. एक गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद, म्हणजे साधारण दहा मीटर. फोन दहा मीटरांनी चुकला, तर तो तुम्हाला चुलत्याच्या खाचरात उभे करतो! उपाय सोपा आहे. झाडाखाली किंवा कड्याच्या पोटाशी उभे राहू नका. तुकड्याच्या मध्याशी जा, फोन उघड्यावर धरून दोन-तीन मिनिटे थांबा, मगच पुढचे बटन दाबा.

चौथा दोष कॅमेऱ्याचा आणि उन्हाचा. स्वस्त फोनाची स्क्रीन भर उन्हात नीट दिसत नाही. पदराचा आडोसा धरावा लागतो. पुढचा कॅमेरा अंधुक जागी कमी पडतो. पीएम किसानच्या ॲपमध्ये जून २०२३ पासून चेहरा दाखवून ई-केवायसी करता येते. ते काम माजघरात बसून करू नका. सकाळच्या उजेडात ओटीवर या, तोंड उजेडाकडे करा. आमच्याकडे चार वेळा फसलेले काम ओटीवर पहिल्या खेपेला झाले.

पाचवा दोष पाण्याचा. तो सगळ्याच साध्या फोनांचा आहे, पण तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या आपल्या जिल्ह्यात तो जास्त जाणवतो. ओल्या बोटाला स्क्रीन दाद देत नाही, आणि पावसाचा थेंब पडला तर आपोआप भलतेच बटन दाबले जाते. प्लॅस्टिकची घट्ट तोंडाची पिशवी वापरा. फोन भिजलाच तर आधी बंद करा, पुसा, आणि दिवसभर पंख्याच्या वाऱ्यावर ठेवा. चार्जिंगला लावू नका, चुलीजवळ ठेवू नका. तांदळाच्या डब्यात पुरून ठेवण्याची पद्धत आहे, तिने फोन सुधारत नाही. उलट कोंडा आणि पीठ भोकात जाते. तांदूळ भाकरीसाठी ठेवावेत!

सहावा दोष आयुष्याचा. जिओफोनाचे काय झाले ते वर सांगितले. स्मार्टफोनाला कंपनीकडून सुरक्षेच्या दुरुस्त्या येत असतात. स्वस्त फोनांना त्या फार वर्षे मिळत नाहीत, आणि जुन्या साठ्यातला फोन घेतला तर त्यातली काही वर्षे दुकानाच्या कप्प्यातच संपलेली असतात. मग बँकेचे ॲप एके दिवशी सांगते, हा फोन जुना झाला. आमचा फोन स्वस्त का मिळाला, ते आम्हाला असे उशिरा उमगले.

मग घ्यावा कोणी?

ज्याला फक्त बोलायचे आहे आणि थोडे पैसे पाठवायचे आहेत, त्याने स्मार्टफोनाच्या मागे लागूच नये. ८ मार्च २०२२ पासून साध्या बटनांच्या फोनावरूनही यूपीआयने पैसे पाठवण्याची सोय झाली आहे. शेतीचा सल्ला हवा तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा बिनखर्चाचा नंबर कुठल्याही फोनावरून लागतो, आणि मराठीत बोलता येते.

ज्याला पीक पाहणी, ई-केवायसी, हवामान आणि घरच्यांशी बोलणे एवढेच हवे, त्याला लहान स्वस्त फोन चालेल, पण पुढे सांगितले आहे तसा पारखून घेतला तरच. आणि ज्या घरात मुलांचा अभ्यासही त्याच फोनवर व्हायचा आहे, त्याने लहान स्क्रीनचा मोह सोडावा. मुलांचे डोळे स्वस्त नाहीत.

घेताना एवढे पाहा

१. रॅम आणि साठवणीची जागा डबीवर वाचा. नुसती २ जीबी रॅम आणि ३२ जीबी जागा आता अपुरी पडते. चार आणि चौसष्ट मिळत असेल तर थोडे पैसे जास्त गेले तरी तेच घ्या.

२. अँड्रॉइडची कितवी आवृत्ती आहे आणि फोन कुठल्या साली बाजारात आला, हे विचारा. स्वस्त मिळतो म्हणून दोन-तीन वर्षांपूर्वीचा पडून राहिलेला माल घेऊ नका.

३. फोन घेऊन दुकानाबाहेर उन्हात या. मराठी अक्षरे चष्म्याशिवाय किंवा आपल्या नेहमीच्या चष्म्याने वाचता येतात का, ते पाहा. मराठीत टाइप करून पाहा. बोटे जाड असतील तर लहान फोनावर अक्षरे चुकतात. मग बोलून लिहिण्याची सोय चालते का ते तपासा.

४. तुमच्या बांधावर कुठल्या कंपनीची रेंज येते ते शेजाऱ्याला विचारून जा. पनवेलच्या टपाल नाक्यावर सगळ्यांचीच रेंज येते. प्रश्न आपल्या डोंगरपायथ्याचा आहे.

५. दुरुस्तीचे केंद्र पनवेलमध्ये आहे का, की मुंबईला खेप मारावी लागेल? चार्जरची पिन घरच्या दुसऱ्या फोनाला चालते का?

६. *#०६# हा नंबर दाबला की फोनाचा पंधरा आकडी नंबर दिसतो. तो डबीवरच्या आणि पावतीवरच्या नंबराशी जुळवा आणि वहीत लिहून ठेवा. फोन हरवला तर सरकारच्या 'संचार साथी' या सोयीतून तो बंद करवून घेता येतो. ही सोय मे २०२३ पासून आहे. पक्की पावती घ्यायला लाजू नका.

७. फोन जुना असो की नवा, अनोळखी माणसाने व्हॉट्सॲपवर पाठवलेले ॲप उतरवून घेऊ नका, मग त्यावर पीएम किसानचे नाव असो की बँकेचे. ओटीपी कुणाला सांगू नका. आणि हे पक्के ध्यानात ठेवा, की पैसे मिळण्यासाठी पिन घालावा लागत नाही. पिन घातला की पैसे जातात. फसगत झालीच तर वेळ न दवडता १९३० नंबर लावा.

शेवटी

तिसऱ्या दिवशी वहिनींनी देवळीतला फोन पुन्हा हातात घेतला. मी म्हणालो, "वहिनी, बदलून मोठा घेऊ या का?"

त्या म्हणाल्या, "इतक्यात नको. फोनाचं चुकलं तेवढंच माझंही चुकलं. मी त्याला विचारलंच नाही, पोचवलंस का म्हणून. गड्याला तरी विचारतेच की मी."

तेव्हापासून त्यांनी एक शिस्त घातली आहे. दर रविवारी रात्री जेवणे झाली की नको ते फोटो पुसायचे. पीक पाहणीच्या दिवशी फोन भरून न्यायचा, वाटेत व्हॉट्सॲप उघडायचे नाही, आणि यादीत नाव पाहिल्याशिवाय पायातला चिखल धुवायचा नाही. वालाची नोंद त्यांनी अशीच केली. तिन्ही तुकडे सातबाऱ्यावर नीट आले. शेजारच्या दोन घरांची पाहणीही त्यांनीच आपल्या फोनवरून करून दिली, कारण एका फोनवरून अनेक खातेदारांची नोंदणी करता येते. आता आळीतल्या बायका अडले की त्यांच्याकडे येतात.

पुढचा फोन मात्र त्या दुप्पट जागेचा घेणार आहेत. पैसे वेगळे काढायला सुरुवात झाली आहे. दुकानातही त्याच जाणार आणि त्याच पारखणार. मी बरोबर जायचे ते फक्त पिशवी धरायला!

वाचकहो, तुमच्याही घरी असा एखादा लहान फोन असेल. हा लेख वाचून झाला की आज रात्री एवढे करा : त्यात जागा किती उरली आहे ते पाहा, नको ते पुसा, आणि पुढच्या हंगामाची पीक पाहणीची मुदत जाहीर झाली की ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहा. मुदतीच्या शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका.